हे वाक्य इथं कशाला आलंय?

पुढचा उतारा एकदा सावकाश वाचा.

‘काढणीच्या हंगामात बाजार समितीत सोयाबीनची आवक एकदम वाढते आणि भाव उतरतो. म्हणून ज्याला थांबणं परवडतं त्या शेतकऱ्यानं माल दिवाळीनंतरच विकायला काढावा. काही जण म्हणतात, घरात ठेवलेलं सोयाबीन वाळून वजनात घट येते. पण ही घट भावातल्या फरकापेक्षा कमी असते.’

प्रश्न असा: ‘घरात ठेवलेलं सोयाबीन वाळून वजनात घट येते’ या विधानाची या युक्तिवादात भूमिका कोणती? पर्याय चार: (१) मुख्य निष्कर्ष, (२) निष्कर्षाला दिलेला आधार, (३) लेखकानं मांडून खोडलेला आक्षेप, (४) निष्कर्ष समजावण्यासाठी दिलेलं उदाहरण.

सोयाबीनचं वजन घटतं हे वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगावं लागत नाही. माल विकायला नेला की आधी ओलावा मोजतात हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं असतं. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांची असते आणि २०२४ च्या हंगामात केंद्रानं ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, हेही त्याला माहीत असतं. नेमकी हीच माहिती इथं घात करते. विधान ओळखीचं आहे, खरं आहे, मग ते ‘आधार’ असणार असं वाटतं आणि दुसऱ्या पर्यायावर खूण होते. उत्तर मात्र तिसरं आहे. ‘काही जण म्हणतात’ या शब्दांनी लेखकानं ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडी दिलंय आणि ‘पण’ म्हणून लगेच त्याला उत्तर दिलंय. वाक्य खरंच आहे, तरी ते लेखकाच्या बाजूनं उभं नाही.

तर्कक्षमतेच्या प्रश्नांत विद्यार्थी अडतो तो बहुतेक वेळा इथंच. विधान खरं की खोटं, पटतं की नाही, हे प्रश्नकर्त्यानं विचारलेलंच नसतं. हे वाक्य या मजकुरात काय काम करतंय, एवढंच विचारलेलं असतं. हा फरक एकदा डोक्यात बसला की निम्मी धडपड वाचते, असं मला मनापासून वाटतं. आणि तो बसवण्यासाठी इंग्रजी गाइडांचे ढीग लागत नाहीत, आपल्या आजूबाजूला पुरेसा मजकूर पडलेला आहे.

आधी परीक्षेचं गणित बघू. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत सी-सॅटचा पेपर २०१३ पासून आला. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. चुकीच्या उत्तरामागे पाव प्रश्नाचे गुण कापले जातात. आता हा पेपर पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के मिळाले की झालं. पण ते ३३ टक्के न मिळाल्यानं पहिल्या पेपरात उत्तम गुण असलेली मुलं बाहेर पडतात. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी असते, तलाठी भरतीतही असते. कायद्याच्या शिक्षणासाठी क्लॅट दिली, तर तिथं २०२० पासून तर्काचे प्रश्न उताऱ्यावरच येतात. परदेशी विधी महाविद्यालयांसाठीच्या एलसॅटमध्ये तर विधानाची भूमिका ओळखा हा प्रश्नाचा स्वतंत्र प्रकारच आहे. व्यवस्थापनाच्या जीमॅटमध्येही उताऱ्यातली दोन वाक्यं ठळक छापून त्यांची भूमिका विचारण्याची जुनी रीत होती. आपल्याकडच्या ‘विधान व गृहीतके’, ‘विधान व अनुमान’, ‘विधान व युक्तिवाद’, ‘विधान आणि कारण’ या सगळ्या प्रकारांच्या पोटात तोच प्रश्न आहे.

सुरुवात निष्कर्षापासून करावी. उताऱ्यातलं कोणतं वाक्य बाकीच्यांच्या खांद्यावर बसलंय ते आधी शोधायचं. ते शेवटीच असेल असं नाही. वर सोयाबीनच्या उताऱ्यात ते दुसरं होतं. वर्तमानपत्राच्या अग्रलेखात पुष्कळदा पहिलंच असतं. ओळखायची खात्रीची रीत म्हणजे दोन वाक्यं घेऊन मध्ये ‘कारण’ घालून दोन्हीकडून वाचणं. ‘माल दिवाळीनंतर विकावा, कारण हंगामात भाव उतरतो’ हे जमतं. ‘हंगामात भाव उतरतो, कारण माल दिवाळीनंतर विकावा’ हे कानालाच खटकतं. कान मराठीत वाढलेला असेल, तर ही परीक्षा क्वचितच चुकते.

खरी अडचण मधल्या निष्कर्षाची. समजा उतारा असा आहे: ‘एकबुर्जी धरणात यंदा पाणीसाठा कमी आहे. त्यामुळे वाशीम शहरात नळाला पाणी जास्त दिवसांच्या अंतरानं येईल. तेव्हा नागरिकांनी साठवणुकीची सोय आतापासून करून ठेवावी.’ यातल्या दुसऱ्या वाक्याची भूमिका काय? ‘त्यामुळे’ आहे म्हणून विद्यार्थी त्याला निष्कर्ष म्हणतो. पण ‘साठवणुकीची सोय करावी, का?’ असं विचारलं तर उत्तर तेच दुसरं वाक्य देतं. म्हणजे पहिल्या वाक्याच्या नात्यानं ते निष्कर्ष आहे, तिसऱ्याच्या नात्यानं आधार. बरोबर पर्यायात दोन्ही गोष्टी आलेल्या असतात: ‘एका विधानावरून काढलेलं, आणि मुख्य निष्कर्षाला आधार देणारं’. नुसता ‘मुख्य निष्कर्ष’ हा पर्याय शेजारी मोहात पाडायला ठेवलेला असतोच.

जोडशब्दांकडे लक्ष द्यायला सगळेच सांगतात. पण मराठीत त्यांच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. ‘पाऊस पडला नाही, म्हणून पेरणी लांबली’ यात ‘म्हणून’च्या पुढे परिणाम आहे. ‘पेरणी वेळेवर व्हावी म्हणून बियाणं आधीच आणलं’ यात ‘म्हणून’च्या मागे हेतू आहे. ‘पाऊस येणार म्हणून सगळे सांगत होते’ यात तो नुसतं दुसऱ्याचं बोलणं पोचवतो. पहिल्यातही घडलेल्या गोष्टीचं कारण सांगितलंय, काही सिद्ध केलेलं नाही. म्हणजे या तिन्हींत निष्कर्ष एकही नाही, तरी शब्द तोच. ‘जर-तर’चंही तसंच. ‘जर आवक वाढली तर भाव पडतो’ हे अख्खं एक विधान आहे. त्यातला ‘भाव पडतो’ हा तुकडा लेखकानं सिद्ध केलेला नाही, तो फक्त अटीवर बांधलाय. ‘हे खरं, पण’, ‘मान्य, तरीही’, ‘भले’, ‘जरी’ हे शब्द दिसले की समजावं, लेखक समोरच्याला काहीतरी देऊ करतोय. याला कबुली म्हणतात. कबुलीत लेखक ते वाक्य मान्य करतो, पण आपला निष्कर्ष सोडत नाही. सोयाबीनच्या उताऱ्यात घट येते हे लेखकानं नाकारलेलं नाही, तिचं वजन मात्र कमी ठरवलं. आक्षेप आणि कबुली इतक्या जवळ राहतात, म्हणून पर्यायातला शब्द न् शब्द वाचायला हवा.

वाक्याचं काम आणि वाक्याचा अर्थ वेगळे असतात ही गोष्ट आपल्या परंपरेनं फार आधी पाहिली होती. न्यायदर्शनात दुसऱ्याला पटवायच्या अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथं धूर आहे, हा हेतू. जिथं धूर तिथं अग्नी, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा पर्वतही तसाच धुरानं युक्त आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन. आता पहिलं आणि पाचवं वाक्य शेजारी ठेवून बघा. शब्द तेच, अर्थ तोच. पण पहिलं अजून सिद्ध व्हायचं आहे, पाचवं सिद्ध होऊन आलंय. म्हणून एकाच वाक्याला दोन नावं. ॲरिस्टॉटलच्या पद्धतीत तीन विधानांत काम भागतं, त्यामुळे न्यायाच्या पाच अवयवांत पुनरुक्ती आहे अशी टीका होते. मला ती पुनरुक्ती वाटत नाही. विधानाची भूमिका ओळखा हा प्रश्न ज्यांना शिकायचाय त्यांच्यासाठी याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही. ज्यांना मुळातून बघायचंय त्यांनी अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ उघडावा. पुस्तक लहान आहे, आणि यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांची १८९७ ची मुंबईची आवृत्ती आजही अभ्यासक वापरतात.

याच परंपरेनं पूर्वपक्ष आणि सिद्धान्त ही जोडी दिली. शास्त्रग्रंथात आधी प्रतिपक्षाचं म्हणणं मांडायचं, तेही शक्य तितकं सबळ करून, मग त्याला उत्तर द्यायचं. असा ग्रंथ वाचताना नवखा वाचक पूर्वपक्षालाच ग्रंथकाराचं मत समजून बसतो. सोयाबीनच्या उताऱ्यात दुसरा पर्याय निवडणाऱ्याची चूक याच जातीची. आणि विदर्भाचं म्हणाल, तर चक्रधर स्वामींची वचनं ज्यात केसोबासांनी लावली त्या महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’ची घडणच भूमिकांवर उभी आहे. आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. सूत्रात सिद्धान्त येतो, दृष्टान्तात गोष्ट येते, आणि दार्ष्टान्तिकात त्या गोष्टीतलं काय कुणाला लागू पडतं ते उलगडतं. गोष्ट कितीही रंगली तरी ती सूत्रासाठी आलीय हे वाचकाला विसरता येत नाही. परीक्षेतल्या उताऱ्यातलं उदाहरण असंच बघावं. उदाहरण सगळ्यात लक्षात राहतं, म्हणून तेच महत्त्वाचं वाटतं. ते ज्या विधानाला धरून आलंय ते विधान बहुधा त्याच्या लगेच आधी किंवा नंतर असतं.

आता खुद्द वाशीमचा एक खरा युक्तिवाद घेऊ, कारण हातानं रचलेल्या उताऱ्यांपेक्षा त्यात जास्त शिकायला मिळतं. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलं वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम, हे आज आपण सहज म्हणतो. ते ठरलं कसं? १९३९ मध्ये वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला. त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षी दिलेला, अर्धा संस्कृत आणि अर्धा प्राकृत. नांदीकट म्हणजे आजचं नांदेड, त्याच्या उत्तरेच्या भागातलं एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याची त्यात नोंद आहे. या ताम्रपटानं सर्वसेन नावाचा शाखासंस्थापक पुढे आणला. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातल्या लेखात हेच नाव होतं, पण तिथं ते आधी चुकीचं वाचलं गेलं होतं. वा. वि. मिराशींनी या सगळ्या लेखांचा सविस्तर अभ्यास केला आणि १९६३ मध्ये वाकाटकांच्या लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला.

युक्तिवाद असा मांडता येतो. (अ) ताम्रपट वाशीमला सापडला. (आ) तो वत्सगुल्म इथून दिल्याचं त्यावरच लिहिलंय. (इ) राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त वत्सगुल्म विदर्भात असल्याचं सांगितलंय. (ई) ‘वत्सगुल्ममाहात्म्य’ या ग्रंथात वाशीमच्या तीर्थांशी वत्स ऋषीची कथा जोडलेली आहे. (उ) ताम्रपट दान घेणाऱ्याच्या घरी राहतो, त्यामुळे तो दिला एका गावी आणि सापडला दुसऱ्या गावी असं होऊ शकतं. (ऊ) वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम.

(ऊ) हा निष्कर्ष, यात वाद नाही. पण (आ) एकटं घेतलं तर ते वाशीमबद्दल काहीच सांगत नाही. (अ) एकटं घेतलं तर वत्सगुल्माबद्दल काही सांगत नाही. दोघं मिळून आधार होतात, सुटे नाहीत. (इ) स्वतःच्या पायावर उभं आहे, पण ते फक्त प्रदेश ठरवतं, गाव नाही. विदर्भात गावं पुष्कळ. (ई) मात्र नाव आणि जागा यांना थेट बांधतं. आणि (उ)? विद्यार्थी पटकन म्हणतो, निष्कर्षावरचा आक्षेप. नीट बघा. (उ) निष्कर्ष खोटा आहे असं म्हणतच नाही. ते (अ) या आधाराची ताकद कमी करतं. आक्षेप आहे, पण आधारावरचा. (अ) कमकुवत झालं तरी (इ) आणि (ई) जागेवर राहतात, म्हणून निष्कर्ष पडत नाही. विधानाची भूमिका विचारणारे अवघड प्रश्न याच बारकाव्यावर बेतलेले असतात: आक्षेप कोणावर, आधार कशाला.

पुढे जाऊन हाच निष्कर्ष दुसऱ्या युक्तिवादात ठेवू. ‘वत्सगुल्म म्हणजे वाशीम. अजिंठ्याचं १६ वं लेणं वत्सगुल्म शाखेच्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं कोरवून घेतलं. तेव्हा अजिंठ्याचा इतिहास वाशीमला वगळून लिहिता येणार नाही.’ मघाशी ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला ते विधान आता पहिल्या पायरीवर आधार म्हणून बसलंय. विधानाला जन्मजात भूमिका नसते, ती त्याला उताऱ्यात मिळते.

गृहीतकाचा प्रश्न याहून निराळा, कारण गृहीतक कागदावर छापलेलंच नसतं. ते न बोलता धरून चाललेलं असतं. ‘रामनवमीला पोहरादेवीला मोठी गर्दी होते, म्हणून एसटीनं त्या दिवसांत जादा गाड्या सोडाव्यात.’ गृहीतक एक: यात्रेला येणाऱ्यांपैकी काही जण तरी एसटीनं येतील. गृहीतक दोन: यात्रेला येणारे सगळे एसटीनंच येतात. कोणतं खरोखर धरलंय? दोन्ही उलटी करून बघा. ‘एसटीनं कोणीच येणार नाही’ म्हटलं की जादा गाड्यांची मागणी कोसळते. म्हणजे पहिलं गृहीतक आहे. ‘सगळे एसटीनं येत नाहीत’ म्हटलं तरी मागणी टिकते, बाकीचे स्वतःच्या गाड्यांनी येऊ देत. म्हणजे दुसरं गृहीतक नाही. उलटं करताना एक जपावं. ‘सगळे येतात’ याच्या उलट ‘काही येत नाहीत’, ‘कोणीच येत नाही’ नव्हे. ‘सगळे’, ‘फक्त’ आणि शब्दाला चिकटलेला ‘च’ दिसला की पर्याय गरजेपेक्षा जास्त मागतोय का ते तपासावं. बहुतेक वेळा मागत असतो.

स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९५८ च्या पुस्तकात दावा आणि पुरावा यांना जोडणाऱ्या अशाच न बोललेल्या दुव्याला युक्तिवादाचा स्वतंत्र भाग मानलं. न्यायाच्या उदाहरणात ‘जिथं धूर तिथं अग्नी’ हा जो नियम उघड बोलून दाखवतात, त्याचं काम हेच.

‘विधान आणि कारण’ या प्रकारात फसगत दुसरीकडून होते. विधान: वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. कारण: वाशीम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण दुसरं पहिल्याचं कारण नाही. त्याच्या जागी ‘वाशीम १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा होता’ हे घातलं तरी तेच. तेही खरं आहे, विषयाच्या जास्त जवळचं आहे, म्हणून जास्त फसवं आहे. जुना जिल्हा असणं ही पार्श्वभूमी झाली, १९९८ चा निर्णय का झाला ते ती सांगत नाही. उत्तर: दोन्ही बरोबर, परंतु कारण हे विधानाचं स्पष्टीकरण नाही.

सरावासाठी मी एक सुचवेन, शासन निर्णय वाचा. शासनाच्या संकेतस्थळावर ते मराठीत फुकट मिळतात आणि त्यांत भूमिकांची नावं छापलेलीच असतात: संदर्भ, प्रस्तावना, शासन निर्णय. निर्णयाचा भाग झाकून ठेवायचा आणि प्रस्तावनेतल्या प्रत्येक वाक्यापुढे समासात पेन्सिलीनं लिहायचं: पा म्हणजे पार्श्वभूमी, आ म्हणजे आधार, क म्हणजे कबुली. ‘सदर योजना अमुक वर्षापासून राबवण्यात येत आहे’ हे पा. ‘लाभार्थ्यांना अर्ज करताना अडचणी येत असल्याचं निदर्शनास आलं आहे’ हे आ. ‘ही बाब शासनाच्या विचाराधीन होती’ हे वाक्य तर कशालाच आधार देत नाही, फक्त पुढे निर्णय येतोय एवढं कळवतं. मग झाकलेला भाग उघडून बघायचा. आपण ज्याला आधार म्हटलं त्यावर निर्णय खरोखर टेकलाय का? पुष्कळदा असं दिसतं की प्रस्तावनेत सांगितलेली अडचण एक आणि निर्णयानं सोडवलेली दुसरीच. मधला दुवा कोणता गृहीत धरला ते मग स्वतःच्या शब्दांत लिहून काढायचं. कोर्टाच्या निकालपत्रात ‘सबब’ नंतर काय येतं ते बघण्याचाही असाच उपयोग होतो.

परीक्षेच्या दीड मिनिटात क्रम असा ठेवावा. प्रश्न आधी वाचायचा, म्हणजे कोणत्या विधानाची भूमिका विचारलीय ते कळतं. मग उताऱ्यात निष्कर्ष शोधायचा. मग विचारलेलं विधान त्याच्या बाजूचं, विरुद्ध, की दोन्ही नाही एवढं ठरवायचं. इथंच साधारण दोन पर्याय गळतात. उरलेल्या दोनांचे तुकडे पाडायचे. ‘लेखकाला अमान्य असलेल्या मताला आधार म्हणून दिलेलं विधान’ या पर्यायात दोन दावे आहेत: ते मत लेखकाला अमान्य आहे हा एक, आणि विचारलेलं विधान त्या मताला आधार देतं हा दुसरा. दोन्ही तपासल्याशिवाय खूण करायची नाही.

एक उतारा करून बघा. ‘तूर हे लांब मुदतीचं पीक आहे, हे खरं. तरी सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्याव्यात. सोयाबीन काढल्यावरही शेतात एक पीक उभं राहतं, आणि दोन्ही पिकांवर एकाच वेळी संकट येण्याची शक्यता कमी असते.’ पहिल्या वाक्याची भूमिका: (१) निष्कर्षाला आधार, (२) निष्कर्षाविरुद्ध जाऊ शकेल अशी मान्य केलेली बाब, (३) लेखकानं खोटी ठरवलेली बाब, (४) मधला निष्कर्ष. ‘हे खरं’ आणि ‘तरी’ यांनी (१) आणि (३) दोन्ही जातात. त्या वाक्याला मागचा आधारच नाही, म्हणून (४) जातो. उत्तर (२).